पाटावरची पिवळी टाचणी

साक्री तालुका,
९ ऑक्टोबर

प्रिय आबा,

कसा शे भो? पांझरेला अजून पाणी आहे, फडाचा, म्हणजे एका बंधाऱ्यावर मिळून भिजणाऱ्या आपल्या शेतांचा पाट काठोकाठ वाहतोय. मका काढायचा पडलाय आणि मी चार दिवस सकाळी पाटावर बसतोय, एका टाचणीपायी. टाचणी म्हणजे चतुराची बारीक, नाजूक बहीण.

लहानपणी आपण शेपटीला दोरा बांधून उडवायचो, तो चतुर. आता आठवलं की जीव कसानुसा होतो. चतुर बसला तरी पंख पसरलेले. टाचणी बसली की पंख पाठीवर मिटते. ही आपली पिवळी. नराचं पोट हळदीत बुडवून काढल्यासारखं, छाती हिरवट. मादी मळकट सोनेरी. फॅब्रिसियस नावाच्या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानं १७९८ साली हिची शास्त्रात नोंद केली, नाव पडलं पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्याचं. पण आपल्या पाटाच्या गवतातही हवी तेवढी आहे.

मंगळवारी जोडी दिसली. नरानं शेपटीच्या चिमट्यानं मादीची मान धरलेली, आणि तो तिच्यावर काडीसारखा ताठ उभा! पाय आखडलेले, पंख मिटलेले. खाली ती पोट वाकवून पाण्यातल्या देठाला भोक पाडत होती आणि एकेक अंडं आत रोवत होती. अर्धा तास मी हललो नाही. तो तिला सोडत का नाही? दुसऱ्या नरानं गाठलं तर पहिल्याचं बीज तो खरवडून काढू शकतो. टाचण्यांमध्ये असं होतं. म्हणून अंडी घालून होईपर्यंत हा पहारा.

अळी पाण्यात वाढते. शेपटीला पानांसारखे तीन कल्ले, आणि खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा. तो झटक्यात पुढे टाकून डासांच्या अळ्या पकडते. मोठी झाल्यावरही शिकारीच. आपल्याहून लहान टाचण्याही खाते.

आता पाट साफ करायचं ठरलंय. उपटलेलं गवत काठावर वाळेल, देठातली अंडीही. पाटाचं पाणी सांभाळणाऱ्या पाटकऱ्याला म्हटलं, माझ्या बांधाजवळचं राहू दे. तो म्हणाला, पाणी तुंबलं तर खालच्या फडाला काय सांगू? त्याचंही खरं. शेवटी एका काठाचं वीस पावलं गवत ठेवायला तयार झाला. उद्या मी स्वतः खुणेच्या काठ्या रोवणार आहे.

दिवाळीला ये. काल एका देठावर रिकामी कात सापडली, पाठीवर उकललेली. काडेपेटीत कापसावर ठेवलीय तुझ्यासाठी.

तुझाच,
बापू