जिल्हा परिषदेचे इतिवृत्त गावात येऊ द्या

१ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. अंगणवाडीचे गळके छप्पर, आरोग्य केंद्रातली रिक्त पदे, गुरांचा दवाखाना, पाझर तलावाची दुरुस्ती हे आमच्या रोजच्या जगण्याचे विषय तिथल्या सभांत येतात. पण आमच्या भागात सभेचे इतिवृत्त गावात पोहोचतच नाही. संकेतस्थळावर असलेच, तर तिरके स्कॅन केलेले, शिक्क्याखाली अक्षरे दबलेली. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अशी माहिती कोणी मागण्याआधीच जाहीर करायला सांगते. मग साध्या कागदासाठी अर्ज, दहा रुपयांचे तिकीट आणि महिनाभराची वाट कशाला? सभेनंतर पंधरा दिवसांत स्वच्छ टाइप केलेले इतिवृत्त प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे.

– एक शेतकरी वाचक