न काढलेल्या तुकड्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

बाबांचं ऑपरेशन संपल्यावर तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "थोडी गाठ मुद्दाम ठेवलीय." खरं सांगते, तेव्हा रागच आला होता. १० तास परळच्या त्या बाकड्यावर बसून हे ऐकायचं? आज आभार मानतेय ते त्याच तुकड्याबद्दल.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. आवाज घोगरा झाला, पाणी पिताना ठसका लागू लागला, तर वर्षभर आम्ही नाक्यावरच्या दवाखान्यातून खोकल्याची औषधंच आणत होतो. शेवटी घशात दुर्बीण घातली तेव्हा एक स्वरतंतू सुस्तावलेला दिसला. एमआरआयनंतर तुम्ही केसपेपरच्या मागे चित्र काढलंत. कवटीच्या तळाशी एक भोक, त्यातून मेंदूकडून रक्त खाली आणणारी मोठी शीर आणि गिळणं, आवाज, खांदा सांभाळणाऱ्या ९, १०, ११ नंबरच्या नसा. (नंबर बाबांना लगेच पाठ झाले, रूटच ते!) नसेच्या आवरणातून वाढणारी ही गाठ, श्वानोमा, बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, सावकाश वाढते, पण या जागी क्वचितच होते. बाबा म्हणाले, "म्हणजे संध्याकाळची बस, सगळी गर्दी दारातच." तुम्ही हसून त्यांच्याच भाषेत सांगितलंत, आधी आतून रिकामी करायची, मग पत्रा नसांपासून सोडवायचा.

कानामागचं हाड कोरून तुम्ही तेच केलंत. १० नंबरला चिकटलेला शेवटचा पापुद्रा सोडवताना मॉनिटरवरचे त्या नसेचे सिग्नल मंदावले आणि तुम्ही हात थांबवलात. ओढून काढला असता तर फिल्म स्वच्छ आली असती, आणि बाबांचा आवाज गेला असता.

तरी ३ आठवडे नाकात नळी होतीच. मग थेरपिस्ट ताईंनी दुबळ्या बाजूला मान वळवून गिळायला शिकवलं. दाट पेज चाले, चहा नाही. पातळ असल्यानं श्वासनलिकेत उतरतो. ऑपरेशनपेक्षा हेच बाबांना जास्त लागलं.

राहिलेला तुकडा आहे तेवढाच आहे. वाढलाच तर गॅमा नाइफ आहे, म्हणजे चिरफाड न करता गाठीवर नेमका किरणांचा मारा, हे तुम्ही सांगून ठेवलंय. तरी दर एमआरआयला पोटात गोळा येतोच.

मागच्या खेपेला ओपीडीच्या दारात रेटारेटी झाली. बाबा ओरडले, "अहो, आधी उतरू द्या!" आवाज अजून जरा चिरका आहे. पण आत टेबलापाशी तुम्ही मान वर केलीत, ते मी पाहिलं.

तुमच्या पेशंटची मुलगी,
लालबाग