शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: ड्रायर आला, आमच्या दोऱ्या गेल्या

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. मुंबईतल्या एका शाळेच्या तळमजल्यावर पोषण आहार शिजवणाऱ्या बचत गटातली मी एक बाई. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

परवा आमच्या गटाला कारणे दाखवा नोटीस आली. तपासणीच्या साहेबांना भातावर झाकायच्या पंच्यांचा कुबट वास आला, दोघींच्या ॲप्रनवर हळदीचे डाग दिसले, एकीची टोपी ओली लागली. 'वैयक्तिक स्वच्छतेबाबत गंभीर हलगर्जीपणा.' सात दिवसांत खुलासा द्या. नाही पटला तर काम दुसऱ्या गटाला, हे कागदावर नाही, जाता जाता तोंडी सांगून गेले.

वास येत होता, साहेब. ऑगस्टात मुंबईत कुणाच्या टॉवेलला येत नाही? पण ज्या वस्तूवर कागद टेकवून त्यांनी तो शेरा लिहिला, ती वस्तू म्हणजे कपडे वाळवायचा ड्रायर होता. नवाकोरा, दारावरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेला. शेजारी १५ किलोची मोठी वॉशिंग मशीन, तीही तशीच. दोन्हींच्या डोक्यावर आम्ही तांदळाची रिकामी पोती रचतो, कारण दुसरा काही उपयोग नाही. साहेबांनी पोती बाजूला सारली, कागद ठेवला, पेन काढलं. खाली काय आहे, ते विचारलं नाही.

ही जोडी आली मार्चअखेरीस. मार्चअखेरीसच का, ते मी आपल्याला काय सांगणार! फीत कापली, नारळ वाढवला, फोटो निघाले. आम्हा बायकांना एका रंगाच्या साड्या नेसून यायला सांगितलं होतं, त्या आम्ही शेजारपाजारहून मागून आणल्या. भाषणात पाहुणे म्हणाले, माता-भगिनींचे हात आता दुखणार नाहीत, पंधरा दिवसांत जोडणी होईल. किंमत कुणी पाच लाख सांगतं, कुणी साडेसात. भिंतीवरच्या पाटीवर ती नाही, पाहुण्यांची नावं मात्र आहेत. टाळ्या आम्हीच वाजवल्या.

जोडणी काही झाली नाही. जूनमध्ये मशीनच्या कंपनीचा एक पोरगा आला. या सगळ्या प्रकरणात प्रश्न विचारणारा तेवढाच एक. बोर्ड उघडून पाहिला आणि हसला. "मावशी, ड्रायर १८ किलोवॅटचा आहे, थ्री फेज लागतो. ही लाइन पंखे-ट्यूबलाइटची." पाण्याचं प्रेशर किती? आम्ही पिंप दाखवलं. सांडपाणी कुठे सोडणार? आम्ही मोरी दाखवली, जिथे डाळ-तांदूळ धुतो तीच. ड्रायरची गरम दमट हवा आणि कपड्यांचे बारीक तंतू बाहेर टाकायला पाइप काढावा लागतो, तो कुठून काढायचा? पडवीच्या जाळीपलीकडे पहिलीचा वर्ग भरतो. त्याने कपाळाला हात लावला.

जाताना मात्र कामाचं सांगून गेला. फोडणीच्या तेलाची फडकी गार पाण्यात कशीबशी खळबळून ड्रायरमध्ये टाकली तर तेल कपड्यातच राहतं आणि आतल्या उष्णतेने तापत जातं. बाहेर काढून गरम गरम घड्या रचल्या, तर ढिगाच्या पोटात धुमसून आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणून तेलकट कपड्याला निदान ६० अंशांचं पाणी आणि भरपूर साबण हवा, शेवटी ड्रम थंड होईपर्यंत दार उघडायचं नाही, तंतूंची जाळी दर वेळी साफ करायची. हे फीत कापताना कुणी बोललं होतं का? प्रशिक्षण नाही, मराठीत लिहिलेला साधा एक कागद नाही. कुणीतरी वायर ओढून बटण दाबलं असतं आणि पडवी पेटली असती, तर चौकशी कुणाची झाली असती, हे मला कळतं आणि आपल्यालाही.

आणि मळके कपडे धुवायची मशीन शेगडीपासून एका उंबऱ्यावर? ही अक्कल कुठल्याही घरातली सासू देईल, त्याला अभियंता लागत नाही.

इमारतवाले म्हणतात, योजना आमची नाही. योजनेवाले म्हणतात, वायरिंग आमचं नाही. वीजवाले म्हणतात, लोड वाढवायचा अर्ज इमारतीच्या मालकाने करावा. मालक कोण, तर इमारतवाले.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. मशीन नव्हती तेव्हा आमचं बरं चाललं होतं! जेवण गेलं की मोठा टोप शेगडीवर ठेवायचा, सोडा घालून पंचे, फडकी खळखळ उकळायची आणि मागच्या पडवीत नायलॉनच्या दोऱ्यांवर टाकायची. वर पत्रा, दोन्ही बाजूंनी वारा. भर पावसातही सकाळपर्यंत वाळायची. त्या दोऱ्या तोडून, नेमक्या त्याच जागी तुमचा ड्रायर बसवलाय. म्हणजे कपडे वाळवायचं यंत्र आलं आणि कपडे वाळायचे बंद झाले. सरकारी कामाचा याहून चांगला नमुना कुणाकडे असेल तर मला कळवावा.

आता हा सगळा पसारा पिशवीत भरून लोकलने माझ्या घरी येतो. डब्यात बायका नाकाला पदर लावतात. माझी खोली दहा बाय बारा, माणसं पाच, नळाला पाणी सकाळी दोन तास. धरणं भरली की टीव्हीवर ढोल वाजतात, आमच्या नळाला त्याचा पत्ता नसतो. पंख्याच्या हुकापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी बांधून पंचे टाकते, त्याखाली माझी दहावीतली मुलगी अभ्यासाला बसते. वहीवर पाणी ठिबकतं. पावडर माझ्या पैशाची. सोड्याने बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात, मिरचीच्या तिखटात हात घातला की डोळ्यांत पाणी येतं. नवरा विचारतो, शाळेत कामाला जातेस की धोबीघाटावर? त्याला काय उत्तर देऊ, तेही आपल्या खात्याने लेखी कळवावं.

मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे खर्च ठरलाय. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन, सगळं त्यात बसवायचं. ड्रायर तासभर चालला तर १८ युनिटच्या आसपास वीज खाणार. ते बिल कुणाच्या डाळीतून कापायचं? गावाकडे माझी वहिनी हेच काम करते, तिला महिन्याला २,५०० रुपये. त्यात केंद्राने २००९ साली ठरवलेला १,००० चा आकडा इतकी वर्षं हललेला नाही. एका मशीनच्या पैशात तिच्यासारख्या किती जणींचं वर्ष निघालं असतं, हिशेब आपणच करा, आपल्याकडे माणसं आहेत.

पण पैसा हवा तिथे नसतोच. जानेवारी २०२५ मध्ये मुलांच्या अंड्यांचे पैसे सरकारने बंद केले, पन्नास कोटी वाचवले, आणि शाळांना सांगितलं, हवी तर लोकसहभागातून द्या. इकडे मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर. एवढ्या श्रीमंत शहरात पोराला उकडलेलं अंडं वर्गणीतून? आणि मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ वॉर्डात गाऱ्हाणं घेऊन जायला दार उरलं नाही. प्रशासकाच्या केबिनबाहेर आमच्यासारखीला शिपाईच परत पाठवायचा.

शिजवलेलं जेवणसुद्धा सहज मिळालं नव्हतं, साहेब. आधी महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ हातावर ठेवत. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला, तेव्हा कुठे ताटं वाढली गेली. आता फडकी वाळवायलाही आम्ही दिल्लीला जायचं का? पहिली ते पाचवीच्या पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ तुम्ही आमच्याकडून काट्यावर मोजून घेता. तसं ही मशीन आणणाऱ्यांना एकदा तरी विचारा, प्लग कुठे आहे, नळ कुठे आहे, मोरी कुठे आहे.

मागणी फार नाही. नोटीस मागे घ्या. मशीन द्यायची असेल तर स्वयंपाकघरापासून वेगळी खोली, थ्री फेज, गरम पाणी, वेगळी मोरी, वेगळं वीजबिल आणि चालवायला शिकवणारा माणूस, सगळं एकदम द्या. जमत नसेल तर या महिन्यात दोन्ही उचलून न्या आणि आमची पडवी मोकळी करा. दोऱ्या आमच्या आम्ही बांधू. टेम्पोच्या भाड्याची काळजी करू नका, आम्ही बायका दहा-दहा रुपये काढू. कागदावर लोकसहभाग म्हणून दाखवा.

कळावे,

पोषण आहार शिजवणारी एक बाई
मुंबई