सरकारी क्लाउड : दुसरी प्रत कुठे आहे?

संपादक महोदय,

सरकारी खात्यांनी आपापल्या इमारतीत सर्व्हर पोसण्यापेक्षा क्लाउड, म्हणजे दूरच्या मोठ्या डेटा सेंटरमधले सामायिक सर्व्हर इंटरनेटवरून वापरावेत, असे धोरण महाराष्ट्राने जानेवारी 2018 मध्येच आणले. केंद्राचा 'मेघराज' हा क्लाउड उपक्रम त्याच्याही आधीचा. कल्पना चांगलीच आहे. जिन्याखालच्या खोलीत धूळ खात पडलेला सरकारी सर्व्हर ज्याने पाहिला, तो तिला नावे ठेवणार नाही. मात्र दक्षिण कोरियाचा अनुभव इथे कुणी मनावर घेतला की नाही, शंका येते. 26 सप्टेंबर 2025 रोजी देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि 709 सरकारी यंत्रणा बंद पडल्या. कर्मचाऱ्यांच्या फायलींचा 'जी-ड्राइव्ह' तर कायमचा गेला, तब्बल 858 टेराबाइट. त्याची प्रत दुसरीकडे ठेवलीच नव्हती. कारण काय, तर म्हणे साठा फार मोठा!

आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर दाखल्यांची झुंबड उडाली की 'सर्व्हर डाऊन' ऐकून माणसे परततात, तेवढेच दिसते. सातबारा, फेरफार, जन्मनोंदी यांची प्रत दुसऱ्या शहरात आहे का आणि त्या प्रतीवरून काम सुरू करून शेवटचे कधी पाहिले, हे प्रत्येक खात्याने संकेतस्थळावर तारखेसह जाहीर करावे.

– एक वाचक, सातारा