73 मार्कांच्या आत काय आहे

उमरेड, रविवार

चि. चिऊ हिस अनेक आशीर्वाद,

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "आई, फिजिक्स माझ्या डोक्यात जातच नाही. 180 पैकी 73." तेव्हा मी फार बोलले नाही. तुला ऐकायचं नव्हतं, रडायचं होतं. म्हणून लिहिते आहे. मेसचं जेवण झालं की खोलीवर निवांत वाच, पण पेपर समोर घेऊन वाच.

तू पाठवलेल्या, मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या सराव पेपराच्या (मॉकच्या) फोटोंवरून मी मोजलं. बरोबर उत्तराला 4, चुकीच्याला उणे 1. 45 पैकी 22 बरोबर, 15 चूक, 8 सोडलेले. 22 चोक 88, निगेटिव्हचे 15 गेले, उरले 73. आता त्या 15 चुकांकडे एकेक करून बघ. पाच ठिकाणी संकल्पनाच कच्ची आहे: तीन रोटेशनल मोशनचे, दोन एसी सर्किटचे. चार ठिकाणी चिन्ह किंवा एकक चुकलं. तीन ठिकाणी प्रश्नच नीट वाचला नाहीस. त्यातल्या दोनमध्ये 'अयोग्य विधान कोणते' असं विचारलं होतं आणि तू योग्य विधानाचा गोल भरलास. उरलेले तीन अंदाजाने ठोकलेले.

चुकीचं उत्तर बरोबर आलं की चारचा नाही, पाचचा फरक पडतो, कारण कापलेला एकही परत येतो. चिन्ह-एकक आणि वाचनाचे मिळून सात प्रश्न, म्हणजे 35 मार्क. अंदाजाचे तीन नुसते सोडले असतेस तरी 3 वाचले असते. एकही नवा धडा न वाचता 73 चे 111 होतात. "डोक्यात जात नाही" हे पाच प्रश्नांबद्दल खरं आहे, आणि तेही दोनच धड्यांतले आहेत. एवढ्यावरून तू सगळ्या विषयाचा निकाल लावून टाकलास, बाळा.

17 वा प्रश्न बघ. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर 20 सेंमी, वस्तू 30 सेंमीवर, प्रतिमा कुठे? सूत्र तुला पाठ आहे, तू ते बरोबर लिहिलंसही. फक्त वस्तूचं अंतर, म्हणजे u, ऋण घ्यायचं राहिलं. उत्तर आलं 12. पर्यायात 12 होतं, म्हणून तू निश्चिंत झालीस. ते तिथे मुद्दाम ठेवलेलं असतं, नेमकी हीच चूक करणाऱ्यांसाठी. खरं उत्तर 60. वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्या मध्ये, म्हणजे 20 आणि 40 च्या मध्ये आहे, तर प्रतिमा 40 च्या पलीकडेच पडणार. 12 येऊच शकत नाही. हा पडताळा पाच सेकंदांचा आहे. पर्याय सापडला की पेन सुटतं, तिथे थांबायची सवय लावून घे.

एक दोनशेपानी वही फक्त चुकांसाठी ठेव. प्रश्न उतरवत बसू नको, नंबर पुरे. पुढे एका ओळीत चूक कुठे झाली ते लिही, आणि 'सिली मिस्टेक' हा शब्द त्या वहीत नको. त्या शब्दाने काहीच दुरुस्त होत नाही. 'u ऋण घेतलं नाही' असं लिहिलंस, तर पुढच्या वेळी हात तिथे थांबेल. त्याच्या पुढच्या रकान्यात तारखा टाक: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर, उत्तर न बघता सोडव. सोडलेल्या 8 पुढे वेळ संपला होता की येतच नव्हतं, तेही लिही. ते मला फोटोवरून कळत नाही. आणि अंदाजाचं म्हणशील, तर कारण देऊन दोन पर्याय काटता आले की ठोक, तिथे सरासरीने दीड मार्क हाती लागतो. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर सरासरी पाव मार्क. त्यावर मिनिट घालवू नको.

एक गोष्ट आम्हा मोठ्यांची. घरात सगळे तुला लहानपणापासून 'हुशार पोरगी' म्हणत आले. 1998 साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले होते. सोपी कोडी सुटल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत केलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तेव्हा हुशार म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली. त्यांच्या मते कारण असं: न सुटलेलं कोडं त्यांना आपल्या हुशारीवरचा डाग वाटलं. कालचा तुझा आवाज तसाच होता. यापुढे मी फोनवर आधी मार्क विचारणार नाही, वहीत नवं काय आलं ते विचारीन.

मात्र 'मेहनत कर, सगळं जमेल' असंही मी म्हणणार नाही. त्याच पद्धतीने दोन तास जास्त बसलीस तर तीच चूक पक्की होईल. रोटेशनलच्या नोट्स तू चारदा वाचल्यास म्हणतेस. वाचताना ओळखीचं वाटतं, आणि ओळख म्हणजे येणं नव्हे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. म्हणून एनसीईआरटीच्या पुस्तकातलं एक प्रकरण वाच, पुस्तक मीट, कोऱ्या पानावर टॉर्क, जडत्वाघूर्ण, कोनीय संवेग यांचं नातं आठवून लिही. अडशील. तिथेच डाउट आहे. तो घेऊन सरांकडे जा. 'रोटेशनल समजत नाही' असं सांगितलंस तर ते पुन्हा पहिल्यापासून शिकवतील, आणि तुझी गाठ तिथेच राहील.

रविवारचा मॉक सकाळी नको, दुपारी 2 ते 5 दे. 'नीट'चा 2025 चा पेपर मे महिन्यात त्याच वेळी होता, 180 मिनिटांत सगळ्या विषयांचे मिळून 180 प्रश्न. मे महिन्यात नागपूरची दुपार कशी असते ते तुला सांगायला नको; त्या वेळी शरीर झोप मागतं आणि वाचनाच्या चुका तिथेच होतात. आतापासून दुपारी जागं राहायची सवय कर, जेवण हलकं ठेव, कूलरचा आवाज सुरू राहू दे.

पुढच्या शनिवारी येशील तेव्हा वही आण. आधी रोटेशनलचे तीन प्रश्न आपण दोघी ओट्याशी उभ्या राहून सोडवू, बाबा पोळ्या वाढतील.

तुझी
आई