घरच्या मैदानावरचा दुष्काळ

लेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या प्रेक्षकांनी संघाची हुर्यो उडवण्याऐवजी संयम राखायला हवा होता, हा आपल्या क्रीडा पानावरील लेखाचा सूर पटला नाही. ८ डिसेंबर २०२४ ला ब्रायटनशी २-२ बरोबरी झाली. त्यानंतर किंग पॉवर स्टेडियम या घरच्या मैदानावर प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेचे, सलग नऊ सामने संघ हरला, तेही एकही गोल न करता! नववा, २० एप्रिल २०२५ चा लिव्हरपूलविरुद्धचा, संघाची प्रीमियर लीगमधून गच्छंती करूनच गेला. बाहेरगावचा पराभव टीव्ही बंद करून विसरता येतो; इथे तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. २०१६ च्या विजेतेपदाच्या मोसमात खुर्च्यांवर ठेवलेले घडीचे पुठ्ठे वाजवून याच मंडळींनी स्टेडियम दणाणून सोडले होते. त्यांना संयम शिकवायचा?

– एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर