काळजी करणे आणि काळजी घेणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तापमानवाढ, महासाथी, कर्जबाजारी सरकारे, वृद्धांची वाढती संख्या अशी संकटे दाराशी असताना माणसांची काळजी घेणे केंद्रस्थानी मानणाऱ्या ‘काळजीकेंद्री’ समाजाची भाषा म्हणजे चैन नव्हे काय, असे तू मागच्या पत्रात विचारलेस. आपण ही संकटे निरनिराळ्या खात्यांत मांडतो खरे, पण त्यांचा भार शेवटी एकाच ठिकाणी उतरतो. उष्णतेची लाट आली की आजारी वृद्धाच्या उशाशी कोणीतरी जागते, दुष्काळात पाण्याची पायपीट कोणाच्या तरी वाट्याला येते आणि रुग्णालयांचा निधी कापला गेला की अर्धवट बरा झालेला रुग्ण कोणाच्या तरी हवाली केला जातो. हे ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा घरातली बाईच.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांतील पाहण्यांवरून असा हिशेब मांडला की तेथे रोज १,६४० कोटी तास घरकाम आणि देखभालीच्या बिनपगारी सेवेत जातात, म्हणजे जणू २०० कोटी माणसे दिवसाचे आठ तास मोबदल्याविना राबतात. त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा स्त्रियांचा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय मोजणीत घरासाठी वाहून आणलेले पाणी उत्पादन ठरते, पण तेच पाणी तापाने फणफणलेल्या मुलाला पाजणे ठरत नाही. (पगारी परिचारिकेने पाजले, तर मात्र ठरते!) २०२० मध्ये परिचारिकांसाठी जगभर टाळ्या वाजल्या. कौतुक हा सर्वांत स्वस्त पगार असतो, अशी माझी तेव्हापासून धारणा झाली आहे.

आइसलंडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ रोजी सुमारे ९० टक्के स्त्रियांनी घरचे आणि बाहेरचे काम थांबवले, तेव्हा वडिलांना मुले घेऊन कचेरी गाठावी लागली. पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा झाला. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेने २०१५ मध्ये लहान मुले, परावलंबी वृद्ध आणि अपंग यांची देखभाल हा कायद्याने हक्क मानला. मला सर्वांत पटतात ती कोलंबियाच्या राजधानीने, बोगोटा शहराने, २०२० पासून उभी केलेली केंद्रे. तेथे मुलांना किंवा परावलंबी आप्तांना सांभाळायला माणसे असतात, आणि तेवढ्या वेळात एरवी त्यांना सांभाळणारी बाई राहून गेलेले शिक्षण पुरे करते, सार्वजनिक यंत्रात कपडे धुते, किंवा नुसती विसावते. तिला हवा असलेला वेळ तेथे प्रत्यक्ष मिळतो, आणि पूर किंवा साथ आली तर घराघरांशी ओळख असलेली यंत्रणा शहराकडे आधीच तयार असते. म्हणून मी या केंद्रांना रस्ते-पुलांच्या रांगेत बसवतो.

एक गोष्ट मात्र मला सलते. श्रीमंत देश आपली उणीव गरीब देशांतल्या परिचारिका बोलावून भरून काढतात, आणि त्या स्त्रियांची स्वतःची मुले व आईवडील मागे दुसऱ्या कोणाच्या तरी भरवशावर राहतात. तुटवडा मिटत नाही, फक्त सीमेपलीकडे सरकतो. एकेका देशापुरता विचार करून यातून वाट कशी निघावी, हे मला उमगलेले नाही.

खर्चाविषयीची तुझी हरकत सविस्तर लिही; त्या बाजूला माझे म्हणणे अजून लंगडे आहे.

तुझा,
जुना मित्र